चरा ब्लेड पाडत नाही, ब्लेडखाली अडकलेला कण पाडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नव्या इमारतीच्या काचा बांधकामानंतर साफ करायला घेतल्या. काचांवर सिमेंटचे शिंतोडे, रंगाचे थेंब, टेपचा चिकटा असं सगळं होतं. दोन मुलांनी साबणाचं पाणी मारलं, नवं ब्लेड लावलं आणि काचा खरवडल्या. काम संपेपर्यंत सगळं चकाचक. संध्याकाळी ऊन तिरपं झालं आणि अकरा तावदानांवर केसासारखे बारीक चरे दिसले. ठेकेदार म्हणतो, काचा बदलून द्या. विचारणाऱ्याचं म्हणणं असं की याच पद्धतीने सहा वर्षं काम करतोय, कधी काही झालं नाही. मग आता ब्लेड कायमचं बंद करायचं का?

ब्लेड बंद करू नका. पण ‘पाणी मारलं, नवं ब्लेड लावलं, म्हणजे काच सुरक्षित’ हा हिशेब बंद करा. बावीस वर्षं या कामात आहे आणि पहिली नऊ वर्षं मीही याच हिशेबावर चाललो. चाललो, कारण तेव्हा माझ्या वाट्याला येणाऱ्या बहुतेक काचा साध्या होत्या. तुमची सहा वर्षंही बहुधा तशीच गेली असतील.

आधी कठीणपणाचं गणित बघू, कारण सगळं त्यावर उभं आहे. खनिजांचा कठीणपणा मोजायची मोहस नावाची एक ते दहा अशी पट्टी आहे. त्यात खिडकीची काच साधारण साडेपाचवर बसते आणि चाकूचं पोलादही साधारण तिथेच. म्हणजे ब्लेड आणि काच ही तुल्यबळ जोडी आहे. ओली काच आणि स्वच्छ, सरळ धारेचं ब्लेड असेल तर ब्लेड काचेवरून नुसतं घसरत जातं. वाळूचा कण म्हणजे क्वार्ट्झ, त्याचा कठीणपणा सात. सिमेंटच्या शिंतोड्यात, प्लास्टरमध्ये, रस्त्यावरच्या धुळीत सगळीकडे हाच कण असतो. हिरव्या घासणीत आणि पॉलिश पेपरमध्ये जो अपघर्षक असतो, ॲल्युमिनियम ऑक्साइड, तो नऊवर. तेव्हा काचेला चरा पडला की हातातल्या हत्याराकडे बोट दाखवण्याआधी हत्यार आणि काच यांच्या मध्ये काय होतं ते विचारायचं. ब्लेडला दोष देणं म्हणजे बऱ्याचदा चोर सोडून संन्याशाला फाशी.

आता तुमच्या अकरा काचांकडे येऊ. मी त्या पाहिलेल्या नाहीत, पण चरे वाचता येतात आणि तुम्हीच ते वाचा. अंधार पडल्यावर एक चांगली टॉर्च घ्या, काचेला जवळजवळ टेकवून तिचा झोत पृष्ठभागावरून आडवा सोडा. समोरून प्रकाश टाकलात तर काही दिसणार नाही. एक चरा निवडा आणि तो कुठून सुरू होतो ते शोधा. वाळूचा मोकळा कण ब्लेडखाली किंवा फडक्याखाली सापडला असेल तर चरा लांब असतो, हाताच्या हालचालीप्रमाणे वळतो, मध्येच पुसट होतो, पुन्हा उमटतो, कारण कण लोळत असतो. दुसरा प्रकार वेगळा दिसतो. अगदी सुरुवातीला टाचणीच्या टोकाएवढा पांढुरका ठिपका, आणि तिथून ब्लेड ज्या दिशेला गेलं त्या दिशेला एक बारीक सरळ रेघ, शेपटीसारखी. काही बोटांच्या अंतरावर दुसरा ठिपका, दुसरी रेघ, पहिलीला समांतर. असे एका काचेवर वीस-तीस. आणि शेजारच्याच काचेवर, तोच माणूस, तेच ब्लेड, तेच पाणी, एकही नाही.

हा दुसरा प्रकार असेल तर तुमच्या मुलांनी वाळू घासली नाही. काचेला आधीपासून चिकटलेले काचेचेच कण त्यांनी उपटले.

हे नीट समजावून सांगतो, कारण या धंद्यातलं सगळ्यात महागडं अज्ञान इथे आहे. टफन, म्हणजे उष्णतेने मजबूत केलेली, काच करताना आधी साधी काच मापाला कापतात, कडा घासतात, भोकं पाडतात, आणि मग ती भट्टीत साधारण ६२० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झपाट्याने थंड करतात. कापताना आणि कडा घासताना काचेची पिठासारखी भुकटी उडते. भट्टीत जाण्याआधी काच धुवायच्या यंत्रातून जाते. त्या यंत्राचं पाणी घाण असेल, ब्रश झिजले असतील, किंवा भट्टीतल्या रोलरवरच कचरा साचला असेल, तर ही भुकटी काच आणि रोलर यांच्या मध्ये सापडते आणि तापलेल्या, मऊ झालेल्या काचेत रुतून बसते. पाण्याने धुतली तर हलत नाही, साबणाने निघत नाही, डोळ्याला दिसतही नाही. त्यावरून ब्लेड फिरलं की कणाचं डोकं तुटतं आणि ब्लेडच्या धारेपुढे ढकललं जातं. काचेवर काचेचाच तुकडा, वर ब्लेडचा दाब. चरा पडणारच.

म्हणूनच ही भानगड एकाच अंगाला असते, जे अंग रोलरवर होतं त्या. खिडकीत बसवताना ते अंग आत आलं की बाहेर गेलं याला काही नियम नसतो, त्यामुळे एका काचेला आतून चरे आणि पुढचीला बाहेरून, असं चित्र दिसतं. तुमच्याकडे असं दिसलं तर फोटो काढून ठेवा, ठेकेदाराशी बोलताना यापेक्षा चांगला पुरावा नाही.

इथे एक गैरसमज मोडून टाकतो. काही जण काचेची ‘टिन बाजू’ ओळखणारा अतिनील दिवा घेऊन येतात आणि म्हणतात, टिन बाजूला ब्लेड लावायचं नाही. आजची सपाट काच वितळलेल्या कथिलावर तरंगत तयार होते. पिल्किंग्टन या ब्रिटिश काच कंपनीने ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली. त्यामुळे प्रत्येक काचेला एक कथिलाची आणि एक हवेची बाजू असते, आणि कमी तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात कथिलाची बाजू दुधाळ चमकते. इथवर खरं. पण कण चिकटतात ते टफनिंगच्या भट्टीत, आणि तिथे कुठली बाजू खाली ठेवायची हे कारखाना ठरवतो. दिवा तुम्हाला काचेचा जन्म सांगेल, भट्टीतला मुक्काम सांगणार नाही. दोन्ही अंगं तपासायची, दुसरा मार्ग नाही.

तपासायचं कसं? पहिलं, काच टफन आहे का ते बघा. कोपऱ्यात बहुतेकदा कायमचा शिक्का असतो, टपाल तिकिटापेक्षा लहान, धूसर. तो चौकटीच्या रबराखाली गेलेला असू शकतो, तेव्हा शिक्का दिसला नाही म्हणजे काच साधी असं समजू नका. दरवाजे, जमिनीपर्यंत येणाऱ्या खिडक्या, जिन्याच्या कठड्याच्या काचा या टफन धरूनच चाला. उष्णतेने अर्धवट मजबूत केलेली काचही त्याच जातीच्या भट्टीतून येते, तिलाही हाच रोग होतो.

दुसरं, हाताने. काच साबणाच्या पाण्याने दोनदा धुवा, वायपरने ओढा, कोरडी होऊ द्या. पातळ प्लास्टिकची पिशवी बोटांवर गुंडाळा आणि अगदी हलक्या हाताने काचेवरून फिरवा. नुसत्या बोटाला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. स्वच्छ काच लोण्यासारखी लागते, खराब काच रव्यासारखी. रंगकाम करणारे गाडीचा पत्रा असाच तपासतात, मी त्यांच्याकडूनच शिकलो.

तिसरं, कानाने. चौकटीजवळच्या कोपऱ्यात, जिथे कुणाची नजर जाणार नाही, तळहाताएवढी जागा पुन्हा ओली करा आणि नवं ब्लेड नुसतं त्याच्या वजनाने, दाब न देता, दोन इंच पुढे सरकवा. चांगल्या काचेवर आवाजच येत नाही. कण असतील तर तव्यावर मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज येतो आणि हाताला टिकटिक लागते. तो आवाज आला की तिथेच थांबायचं. ‘बघू, आणखी थोडं पुढे साफ असेल’ असं म्हणायचं नाही. मी म्हटलं होतं, एकदा, एका दालनाच्या मोठ्या काचेवर. कोपऱ्यातले दोन इंच कुणालाही दिसले नसते. मी पुढे गेलो आणि छातीच्या उंचीला, बरोब्बर मध्यभागी, हातभर रुंदीत समांतर रेघांची कंगवी उमटवून आलो. त्या कामाचे पैसे गेलेच, वर नवी काच बसवून द्यावी लागली.

चाचणीत काच नापास झाली, मग काय करायचं? काम सोडून द्यायचं नाही, ब्लेड बाजूला ठेवायचं आणि ज्याने काम दिलं त्या ठेकेदाराला कळवायचं. लेखी, फोटोसकट, काम सुरू व्हायच्या आधी: अमुक काचांवर निर्मितीतले कण चिकटलेले आहेत, धातूच्या ब्लेडने खरवडल्यास चरे पडतील, आम्ही ब्लेड न वापरता जितकं निघेल तितकं काढू; तरी ब्लेड वापरायचंच असेल तर जबाबदारी तुमची, इथे सही करा. सहीचा कागद पुढे केला की अर्ध्या ठेकेदारांचा आवाज बदलतो. उत्तर अमेरिकेतल्या काच उत्पादकांच्या संघटनेचा सल्ला बरीच वर्षं असाच आहे की काचेवर ब्लेड किंवा खरवडणी वापरू नका. म्हणजे उत्पादक म्हणतो ब्लेड लावू नका, रंगारी काच न झाकता रंग मारतो, आणि मधे उभे आपण. आपल्या संरक्षणाला कागदाशिवाय काही नाही.

ब्लेडशिवाय काम होतं का, तर बहुतेक होतं, पण वेळ लागतो. आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण चरे टाळायची खरी युक्ती ‘भिजवणं’ ही आहे आणि तेवढंच कुणाला नको असतं. पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग साबणाच्या पाण्याने भिजलेलं फडकं वीस मिनिटं चिकटवून ठेवलं की फुगतो आणि प्लास्टिकच्या खरवडणीने निघतो. ऑइल पेंटला मिनरल टर्पेंटाइन, टेपच्या चिकट्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल. दोन्ही फडक्यावर घेऊन लावायचं, काचेवर ओतायचं नाही, नाहीतर ते चौकटीच्या रबरात आणि दुहेरी काचेच्या सीलमध्ये उतरतं. कागदी लेबल वाळलेल्या अवस्थेत खरवडू नका; ओला कागद वर चिकटवून चहा पिऊन या. सिलिकॉन मात्र पाण्याला भीक घालत नाही. ते प्लास्टिकच्या धारेने जाड जाड काढायचं आणि उरलेली धूसर कड अल्कोहोलने चोळायची.

सिमेंटचे शिंतोडे हा वेगळाच शत्रू आहे. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं, पीएच बाराच्या वर. ते काचेवर राहिलं तर काच हळूहळू खातं. मग वरचा शिंतोडा निघतो आणि खाली पांढुरका डाग राहतो. लोक म्हणतात नीट पुसलं नाही, पण तो डाग पुसण्यासारखा नसतो, ती काच झिजलेली असते. सिमेंट ओलं असताना भरपूर पाण्याने धुवून टाकणं हा एकच सोपा इलाज आहे आणि तो साफसफाईवाला येण्याच्या महिनाभर आधी करायचा असतो. वाळलेल्या शिंतोड्यावर ब्लेड घालणं म्हणजे वाळूचे कण मोकळे करून लगेच त्यांच्यावर दाब देणं. आधी सिमेंट विरघळवणारं सौम्य आम्लाचं द्रावण, बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे, छोट्या जागेवर लावून बघा, चौकट ॲल्युमिनियमची किंवा दगडाची असेल तर ती झाकून. मग भरपूर पाणी, मग प्लास्टिक. ज्या औषधात हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असेल ते मी हातात धरत नाही. ते काच खातं आणि माणसालाही. हायड्रोफ्लोरिक कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जातं.

आणखी एक गोष्ट बांधकामाच्या जागी हमखास असते: ग्राइंडरच्या ठिणग्या. वर कुणी लोखंड कापलं की तापलेले कण काचेवर पडून त्यात वितळून बसतात. बोटाला खरखरीत, तपकिरी ठिपके लागतात, पाणी लागलं की गंजतात. ते काढायचा प्रयत्न करू नका. तो डाग नाही, खड्डा आहे. दाखवा, फोटो काढा, पुढे चला.

आता समजा काच साधी आहे किंवा चाचणीत पास झाली आहे. ब्लेड लावा, पण हाताला वळण लावून. आधी काच धुवा. ब्लेड ही धुतल्यानंतरची गोष्ट आहे, धुण्याऐवजीची नाही. पाणी सतत हवं, ब्लेडच्या पुढे फेस दिसला पाहिजे. ब्लेड काचेशी साधारण तीस अंशांत, पूर्ण धार टेकलेली. उभं धरलं की कोपरा टोचतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फक्त पुढे ढकलायचं. परत येताना ब्लेड काचेवरून उचलायचंच. मागे ओढताना ब्लेडच्या पोटाखाली कचरा अडकतो आणि काचेवरून फरफटत येतो. नवीन मुलगा कामावर घेतला की पहिला दिवस मी फक्त हे एकच बघतो. ढकल, उचल. ढकल, उचल. सवय अशी लागते की मुलगा घरी आरशावरचं स्टिकर काढतानाही उचलतो.

ब्लेडला गंज दिसला की ते फेका. गंजलेली धार करवतीसारखी होते, नुसत्या डोळ्यांना सरळ दिसली तरी. ओलं ब्लेड खोळीत ठेवून दुसऱ्या दिवशी काढलं तर गंज चढलेलाच असतो. ब्लेड स्वस्त आहे, काच नाही, एवढाच हिशेब ठेवा. नव्या ब्लेडचे दोन्ही टोकदार कोपरे बारीक पॉलिश पेपरवर एकदा घासून गोल करायचे आणि मग ब्लेड धुवायचं. धुवायचं विसरलात तर पेपरचा कण काचेवर नेलात.

रोजच्या साध्या कामात, म्हणजे ब्लेड नसताना, चरे कुठून येतात? बादलीतून. मॉप बादलीत बुडवला, काचेवर फिरवला, पुन्हा बादलीत. दहाव्या खिडकीला बादलीच्या तळाशी बोटभर गाळ असतो आणि तुम्ही तोच गाळ मॉपवर उचलून काचेवर चोळत असता. दोन बादल्या ठेवा, एक मॉप खळबळायला आणि एक साबणाच्या पाण्याची. आधी चौकट आणि खालची खाच ब्रशने झाडा, कारण ओला मॉप चौकटीला घासला की तिथली वाळू काचेवर येते. फार धूळ असेल तर पहिला हात नुसत्या पाण्याचा, दाब न देता, कण वाहून जाण्यापुरता. चोळणं दुसऱ्या हाताला. साबणाचे चार थेंब फक्त मळ काढायला नसतात, हत्यार घसरायलाही असतात. कोरड्या काचेवर कोरडं फडकं किंवा वर्तमानपत्र फिरवायची सवय घरोघरी आहे. कागदाने चरा पडत नाही, कागदाखालच्या धुळीने पडतो.

वायपरचंही तेच. १९३६ मध्ये एत्तोरे स्तेक्कोने यांनी पितळी पट्टीत एकच रबर बसवलेला वायपर आणला, तेव्हापासून हे हत्यार फारसं बदललेलं नाही आणि त्यातला धोकाही बदललेला नाही: पट्टीची टोकं. रबर पट्टीच्या दोन्ही बाजूंनी जरासं बाहेर आलेलं असलं पाहिजे. ते आखूड झालं किंवा आत सरकलं की धातूचं टोक काचेच्या कडेला, चौकटीला समांतर, लांबच लांब रेघ ओढतं. चरा चौकटीपासून बोटभर आत आणि अगदी सरळ असेल तर आधी वायपरचं टोक तपासा. शिडीच्या दांड्याची रबरी टोपी, कमरेच्या पट्ट्याचं बकल, हातातली अंगठी, घड्याळाचा पट्टा, यांनी पडलेले चरे मी ब्लेडच्या चऱ्यांएवढेच पाहिले आहेत. माझ्याकडे अंगठी आणि घड्याळ कामाआधी पाकिटात जातं.

घासण्यांबद्दल थोडक्यात. हिरवी घासणी काचेला कधीच नाही, ओली असली तरी नाही. भांड्यांची तारेची घासणी तर नाहीच. स्टील वूल, म्हणजे केसासारख्या पोलादी तारांची लोकर, चालतं, पण फक्त सगळ्यात बारीक, चार शून्यांच्या दर्जाचं, ओल्या आणि साध्या काचेवर. एक शून्य कमी झालं की रेघा. पांढरी घासणी मऊ असते, तरी तीही कोपऱ्यात करून बघायची. रंगावर भरवसा ठेवू नका, एका बनवणाऱ्याचा पांढरा आणि दुसऱ्याचा पांढरा सारखा असेलच असं नाही.

आता ज्या काचा काच असून काच नसतात त्या. फिल्म लावलेली काच म्हणजे तुम्ही पॉलिस्टरवर काम करताय. ब्लेड, वूल, पांढरी घासणी सगळं बंद, फक्त मऊ मॉप आणि रबर. नखाने कडेला बघा, फिल्म चौकटीपासून केसभर आत संपलेली असते. बाहेरच्या अंगाला परावर्ती लेप असेल तर त्यावर धातू घासला की करडी रेघ उमटते. कधी कधी ती चरा नसते, ब्लेडचा धातू लेपावर उतरलेला असतो. नखाला काही लागलं नाही तर घाबरण्याआधी बनवणाऱ्याने सुचवलेलं द्रावण लावून बघा. स्वतः साफ राहणारी काच २००१ पासून बाजारात आहे. तिच्यावरचा टायटॅनियम डायऑक्साइडचा थर सुमारे १५ नॅनोमीटर जाड असतो. त्यावर खरवडणं म्हणजे वैशिष्ट्यच खरवडून काढणं. दुहेरी काचेतला लो-ई, म्हणजे उष्णता अडवणारा, लेप बहुतेकदा आतल्या बाजूला बंद असतो, त्याची चिंता नको. छतावरचे पारदर्शक पत्रे ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचे असतात, ते कोरड्या फडक्यानेही चरतात. भरपूर पाणी, आणि अमोनियाचं औषध लांब.

चरे पडलेच तर पॉलिश करता येतात का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ठेकेदार विचारेल. नख चऱ्यात अडकत नसेल तर सेरियम ऑक्साइड या पॉलिशच्या भुकटीने, पाणी लावत, फिरत्या फेल्टच्या (नमद्याच्या) चकतीने चरा जातो किंवा पुसट होतो. नख अडकलं तर नाद सोडा. तेवढ्या खोलीपर्यंत काच उतरवली की तिथे भिंगासारखा फुगवटा येतो आणि बाहेरचं दृश्य डुलायला लागतं. रेघ परवडली पण डुलणारं झाड नको, अशी गिऱ्हाइकाची गत होते. एकाच जागी यंत्र धरलं की काच तापते आणि साधी काच तडकूही शकते. टफन काचेच्या पृष्ठभागावर दाबाखाली असलेला थर प्रत्येक अंगाला जाडीच्या साधारण एक पंचमांश असतो, म्हणजे सहा मिलिमीटरच्या काचेत एक मिलिमीटरहून थोडा जास्त. केसाएवढ्या चऱ्याने ती फुटणार नाही, हे ठेकेदाराला सांगायला हरकत नाही. दिसणं मात्र वेगळा मुद्दा आहे. सपाट काचेच्या दोषांसाठी अमेरिकेत एएसटीएम सी १०३६ हे मानक वापरतात, आणि त्यात काच तपासतात ती ठरावीक अंतरावरून, सरळ समोर उभं राहून, दिवसाच्या उजेडात. काचेला नाक लावून किंवा टॉर्च तिरकी धरून नाही. टॉर्च तुमच्या शोधासाठी आहे. भरपाई ठरवताना ठेकेदाराने तीच टॉर्च हातात घेतली तर त्याला चार पावलं मागे उभं करा.

आणि एक लक्षात घ्या, त्या अकरांतले काही चरे तुमचे नसतीलच. मळलेल्या काचेवर चरा दिसत नाही. सुतार शिडी टेकवून गेला, रंगाऱ्याने पत्र्याने टेप उचकटली, काच उतरवताना दोन काचांमध्ये वाळू सापडली, हे सगळं धुळीखाली झाकलेलं असतं. तुम्ही काच स्वच्छ करता आणि सगळ्यांची पापं एकदम उघडी पडतात. त्या वेळी काचेसमोर उभा असतो तो तुमचा मुलगा, हातात ब्लेड घेऊन. म्हणून मी आता कुठल्याही नव्या बांधकामावर पहिला दिवस साफसफाई करत नाही. प्रत्येक मजल्यावरच्या दोन-तीन काचा दोन्ही अंगांनी धुतो, टॉर्च लावतो, कोपऱ्यातली चाचणी घेतो, ठेकेदाराच्या माणसाला शेजारी उभं करून कानाने आवाज ऐकवतो, आणि दर नंतर सांगतो.

तुमच्यासाठी उद्याचं काम असं. अकरा काचांना नंबर द्या. प्रत्येकीवर चरे आतून की बाहेरून ते लिहा, शिक्का आहे का ते लिहा, टॉर्चखाली ठिपका आणि शेपटी दिसते का ते लिहा. भिंग असेल तर त्या ठिपक्याचा मोबाईलने भिंगातून फोटो काढा, बऱ्यापैकी येतो. मग ज्या काचांना चरे पडले नाहीत त्यांतली एक घ्या, ठेकेदारासमोर कोपऱ्यात ब्लेड सरकवा, आणि नंतर अकरांतली एक घेऊन तिच्या न चरलेल्या कोपऱ्यात तेच करा. पहिली गप्प राहिली आणि दुसरी तडतडली, तर काचा पुरवणाऱ्याला बोलावून घ्यायला सांगा. दोन्ही गप्प राहिल्या आणि चरे लोळणाऱ्या वाळूचे निघाले, तर बादल्या कोणी बदलल्या नव्हत्या ते मुलांना विचारा आणि ज्या काचेवर नख अडकतं तिची भरपाई द्या.

एक राहिलं. मुलांना ओरडण्याआधी त्यांच्या ब्लेडची पेटी उघडून बघा, आत गंज आहे का ते.